पहिलं जर्मन वाक्य
चांदवडची नर्स तेजस्विनी नोकरीसाठी जर्मनीला जाणार होती, म्हणून इंदिरानगरला जर्मनच्या क्लासला यायची. तीन महिन्यांत जर्मनमध्ये ती एक शब्दही बोलली नव्हती. चुकलं तर सगळे हसतील, असं वाटायचं. एके दिवशी स्वरदा मॅडम तिच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. “मनातलं काहीही मराठीत सांग. त्याचं जर्मन मी कानात सांगते, ते मोठ्याने म्हण.” तेजस्विनी पुटपुटली, “मला जायचं नाय. माझी पोरगी दोन वर्षांची हाय.” मॅडमनी तेच तिच्या कानात जर्मनमध्ये सांगितलं. तेजस्विनीने ते न अडखळता, खणखणीत म्हटलं. कोणीही हसलं नाही. बाहेर नवरा मोटारसायकल चालू ठेवून थांबला होता. “आज तरी बोलली का?” “बोलले.” मग तिने तेच त्याला मराठीत सांगितलं. त्याने गाडी बंद केली.