नवरीची गाडी

“नवरीची गाडी थांबवत नसतात, साहेब. अपशकुन होते,” शिपाई जितेंद्रनं तिसऱ्यांदा सांगितलं.

“बॅरिकेड ओढ,” फौजदार मारोतराव म्हणाले.

झेंडूच्या माळा लावलेली पांढरी गाडी हद्दीवरच्या चौकीसमोर थांबली. पुढं दोनशे पावलांवर मध्य प्रदेश सुरू होत होता. दुपारचे बारा वाजले होते आणि लग्नसराई होती.

बावीस दिवसांपूर्वी हवालदार संघपालनं अशीच एक गाडी थांबवली होती. वऱ्हाडी भांडले, कुणीतरी वर फोन लावला आणि वरून संघपाललाच झापण्यात आलं. गाडी सोडून द्यावी लागली. तिचा नंबरही कुणी टिपला नाही. दुसऱ्या दिवशी संघपाल पुलाखाली सापडला. डोकं ठेचलेलं होतं.

मारोतराव आणि संघपाल यांनी अकरा वर्षं एका डब्यात जेवण केलं होतं. तपास त्यांनी मागून घेतला.

बुटीबोरीच्या कामगार वस्त्यांतून दोन महिन्यांत पाच पोरी गायब झाल्या होत्या. त्यांतली एक हद्दीपलीकडं, शिवनीकडच्या खेड्यात सापडली, बापाच्या वयाच्या माणसाशी लग्न लावून दिलेली. ती कुणाशीच बोलत नव्हती. मारोतरावांना वाटलं, आता सगळं उघड आहे. शालू नेसवला, मुंडावळ्या बांधल्या की चौदाची पोरही विशीची दिसते. आणि नवरीची गाडी तर कुणी थांबवत नाही.

मनीषनगरात संघपालच्या घरी ते गेले, तेव्हा त्याची बायको सरिता एवढंच म्हणाली होती, “भाऊजी, कोणं मारलं तेवढं शोधून काढा. लेकराइले काय सांगू मी?”

“शोधतो, वहिनी,” ते म्हणाले होते.

गाडीतून पुढच्या सीटवरचा म्हातारा उतरला. डोक्याला गुलाबी फेटा होता.

“काय झालं गा साहेब? नवरी पळवून नेऊन राहिलो का आम्ही?”

“दोन मिनिटं लागतील.”

शिपाई चारुशीलानं नवरीला बाजूला चौकीत नेलं. आधार कार्ड पाहिलं. नाव वैदेही, वय चोवीस. जबरदस्ती आहे का, घरून संमती आहे का, सगळं विचारलं. मारोतराव दाराशी उभे होते.

“मीच पसंत केला न बाई त्याले,” नवरी म्हणाली. “नाक पाह्यलं ना कसं आहे? तरी केला!”

चारुशीला हसायला लागली. गाडीत बसलेल्या नवरदेवानं नाकाला हात लावला.

“पाह्यली ना आमची नवरी?” म्हातारा म्हणाला. “आता तुमच्यावाली दाखवा!”

जितेंद्रनं मान खाली घातली.

“माझी गेली,” मारोतराव म्हणाले. “दोन वर्षं झाली.”

म्हातारा गाडीत जाऊन बसला. मारोतराव नवरीला सोडायला गाडीपर्यंत गेले. मागच्या सीटवर तेरा-चौदा वर्षांची एक पोर पिशवी कवटाळून बसली होती. पाठराखीण. नवरीसोबत माहेरचं कुणीतरी हवं म्हणून अशी एक मुलगी सासरी पाठवतातच. मारोतरावांच्या पत्नी जिजाबाई लग्न होऊन आल्या, तेव्हा त्यांच्यासोबतही मामेबहीण आली होती. चार दिवस नुसती रडत होती. जिजाबाईंनाच तिची समजूत घालावी लागली. ते आठवून मारोतरावांना बरं वाटलं, आणि वाईटही.

“काका,” पोर म्हणाली, “आम्ही वापस कवा येऊ?”

“मांडवपरतणीले येशीलच ना. घाबरून काहून राहिली वं?” त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “ताईले सोडून कुठी जाऊ नको. ती सांगन तसं कर.”

पोरीनं मान डोलावली. त्यांनी स्वतःच्या हातानं बॅरिकेड बाजूला केलं.

आठ दिवसांत त्यांनी एकतीस नवऱ्या तपासल्या. सगळ्या सज्ञान, सगळ्या राजीखुशीनं निघालेल्या. कुणी रडल्या, कुणी शिव्या दिल्या. एका नवरीची आई तर त्यांच्या बुटांवर थुंकली. मग तक्रारी गेल्या. नवव्या दिवशी सकाळी आदेश आला. हद्दीवर नवरीची गाडी कुणीही थांबवणार नाही, थांबवेल तो निलंबित. संघपालचा मृत्यू अज्ञात वाहनाच्या धडकेनं. मारोतरावांची बदली नागपूरला, कंट्रोल रूममध्ये.

“म्या म्हटलं होतं, साहेब,” जितेंद्र म्हणाला. त्यानंच बॅग उचलून एसटीत ठेवली.

मनसरच्या आधी टोलनाक्यावर बस रांगेत अडकली. तेवढ्यात फोन वाजला.

“भाऊजी, तपास बंद झाला म्हणते. खरं हाय का?” सरितानं विचारलं.

“हो, वहिनी.”

“म्हंजे कोणीच नाही सापडलं?”

“मीच चुकीच्या वाटेनं गेलो. संघपाल उगाच एका गाडीशी भांडला, मीबी तेच धरून बसलो. एकही नवरी खोटी निघाली नाही.”

सरिता पुढं काहीतरी विचारू लागली. मारोतरावांनी खिडकीबाहेर पाहिलं. पलीकडच्या रांगेत हद्दीकडं निघालेल्या गाड्या उभ्या होत्या. त्यांत एक गाडी झेंडूच्या माळांची होती. टोलवाल्या पोरानं हसून हात जोडले आणि तिच्यासाठी दांडा लगेच वर केला. गाडी बसच्या अगदी बाजूनं हळूहळू पुढं सरकली. मागची काच खाली होती.

“भाऊजी? ऐकून राहिले ना?”

नवरी वैदेहीच होती. पाठराखीण तेवढी दुसरी होती.