दोन चमचे साय

योगिनी स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभी राहिली, तेव्हा साय दह्यात कधीच जिरून गेली होती. नळाला टांगलेल्या फडक्यातून पाणी थेंब थेंब गळत होतं, आणि सुमंगला मान खाली घालून काकडी सोलत होती. चोरीची सवय नसलेलं माणूस चोरी केल्यावर असंच फार मन लावून काम करतं.

"माझ्यासमोर करायचं ठरलं होतं ना आई?"

"तुझ्यासमोरच करायले की. दही तेवढं टांगून ठेवलं. पाणी निथळायला नको का?"

"साय काढलेल्या दुधाचंच लावलंस ना?"

"हो गं बाई."

हे मात्र खरं होतं. दही साय काढलेल्या दुधाचंच लागलं होतं. काढलेल्या सायीतली दोन चमचे साय सुमंगलानं आज सकाळी, पोर उठायच्या आत, घोटून घोटून त्याच दह्यात कालवली होती. काय करणार? पुण्याहून शिक्षण अर्धवट टाकून आलेली एकोणीस वर्षांची पोर दोन महिने भाकरीला शिवली नव्हती, वरणभाताला शिवली नव्हती. कोरडी काकडी खायची आणि आरशासमोर उभी राहून म्हणायची, अजून लय जाड आहे मी. परभणीच्या डॉक्टरांनी परवा स्पष्टच सांगितलं होतं, पोटात काही जायला लागलं नाही तर हिच्या काळजाचा भरवसा देता येत नाही. आणि काल या पोरीनं आपणहून मोबाइल पुढे केला. त्यात कुणीतरी बाई सॅलडवर ओतायचं दह्याचं पांढरं, दाटसर ड्रेसिंग करत होती. "हे हलकं असतं. हे खाईन," योगिनी म्हणाली. खाईन! तो शब्द ऐकून सुमंगला हावरट झाली. आईच ती. नुसत्या दह्यावर तिचं समाधान कसं व्हावं?

तिनं फडकं सोडलं. घट्ट दही भांड्यात काढून फेटायला घेतलं. योगिनी मोबाइलवर बघून एकेक सांगत गेली. मोहरीची पूड, किसलेला लसूण, लिंबू, मीठ, मिरपूड. चमचा जरा भरून आला की "आई!" म्हणून ओरडायची. मोहरी, लसूण म्हटल्यावर सुमंगलाचा हात सवयीनं फोडणीच्या पळीकडे गेला.

"तेल? तेल घालायलीस तू?" योगिनीचा आवाज चिरकला.

"नाई गं, हात गेला नुसता." तिनं पळी उलटी करून दाखवली. जन्म फोडण्या देण्यात गेलेला, हाताला कोण समजावणार?

ड्रेसिंग छान झालं. नको तितकं छान झालं. चमच्यावरून ते अगदी सावकाश ओघळत होतं, कुठं रवाळ नाही की फुटलेलं नाही. योगिनीनं चमचा खिडकीच्या उजेडात धरला आणि बराच वेळ बघत राहिली.

"साय घातलीस तू."

"नाई."

"शपथ घे."

"घेते की. देवाची शपथ..."

"देवाची नको. माझी घे." तिनं आईचा ओला, लसणाच्या वासाचा हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "आता म्हण."

लेकराच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोललं तर ते लेकराला बाधतं, हे सुमंगलाला तिच्या आईनं शिकवलं होतं, आणि तिनं योगिनीला. त्याच भरवशावर पोरीनं तिला नेमकं पकडलं होतं. घातली म्हणावं, तर वाटी मोरीत जाणार आणि आईच्या हातचं पुन्हा कधीच काही पोटात जाणार नाही. नाही म्हणावं, तर... पुढचं तिला मनातसुद्धा म्हणवेना. पूर्वी या डोक्यावरची वेणी मुठीत मावायची नाही. आता तळहाताला केस लागतच नव्हते, टाळूच लागत होती. कडेवरच्या पोराची लागते तशी, कोमट.

"म्हण ना."

"नाई घातली," सुमंगला म्हणाली. "तुझी शपथ."

योगिनीनं आईच्या डोळ्यांत रोखून पाहिलं. मग काकडीची एक चकती बुडवली आणि डोळे मिटून चावत राहिली. दुसरी बुडवली. बाहेरच्या खोलीत योगिनीचे वडील मार्तंडराव मघापासून पेपर धरून बसले होते, पान उलटल्याचा आवाज काही येत नव्हता. जे व्हायचं ते माझं होऊ दे, हिच्या केसालाही धक्का नको, असं सुमंगला मनात घोकत होती. कुणाला सांगत होती कोण जाणे, कारण देवघराकडे बघायची तिची छाती झाली नाही. तिसरी चकती. चौथी. चकत्या संपल्या तसं योगिनीनं वाटीची कड बोटानं पुसली आणि ते बोट चाटलं. दोन महिन्यांत या घरात बोट चाटलं गेलं नव्हतं.

"चांगलं झालंय," ती म्हणाली. "उद्या पण कर."

"करते की."

"पण उद्या पण शपथ घ्यावी लागंल. रोज. माझ्या डोक्यावर हात ठेवून. तरच खाईन."

सुमंगलानं पदरानं तिचं तोंड पुसलं.

"घेईन की," ती म्हणाली. "दोन्ही हात ठेवून घेईन."