विहिरीजवळची पानं

किसनरावांनी कपाशीची पानं स्वतःच तोडली. तालुक्याहून आलेल्या कृषी अधिकारी मोहिनी मॅडम पुढे झाल्या, तर त्यांनाही त्यांनी अडवलं. दोन महिने खेटे घातल्यावर ही तपासणी होत होती. आता कुणाच्या भरवशावर राहायची त्यांची तयारी नव्हती.

"विहिरीजवळचीच तपासा," ते म्हणाले. "सगळ्यात जास्त बोंडअळी इथंच हाये."

बियाणं विकणारे प्रभाकरराव शेताच्या धुऱ्यावर, बांधाशी उभे होते. चेहरा पार उतरला होता. "किसनभाऊ, तीस वर्षांत मी बोगस माल ठेवला नाई."

"मंग अळी मेली काऊन नाई?"

बीटी कपाशीच्या पानात जिवाणूचं प्रथिन असतं आणि ते खाल्लं की अळी मरते, हे गावात शेंबडं पोरही सांगेल.

मॅडमनी पान नळीत चुरडलं, त्यात पट्टी बुडवली. "दोन रेघा आल्या तर प्रथिन आहे. एकच आली तर नाही."

पाच झाडं, पाच पट्ट्या. प्रत्येकीवर एकच रेघ.

"बॅगेसोबत बिगर-बीटीचं छोटं पाकीट येतं. ते कुठे लावलंत?" मॅडमनी विचारलं.

किसनरावांना हसू आलं. "ते कोण लावते मॅडम? अळीले जेवाले घालाले? अख्खं गाव फेकून देते."

मॅडमनी तसं लिहून घेतलं. प्रभाकरराव काही बोलायला गेले, पण किसनरावांनी त्यांना बोलूच दिलं नाही.

दुपारी दुकानाला कुलूप लागलं. परवाना स्थगित. किसनराव ते स्वतः पाहूनच घरी आले आणि ओसरीवर ऐसपैस बसले. किती दिवसांनी त्यांना मोकळं वाटत होतं. त्यांच्या पत्नी धुरपताबाई विळीवर वांगी चिरत होत्या.

"ओळखीची भीड ठेवली नाई मी," ते म्हणाले. "सगळे म्हणे मिटवून टाक. नाई मिटवलं. आता पुन्हा त्याच्या दुकानात कोणी पाय ठेवत नाई."

धुरपताबाई थांबल्या. "पानं कुठली तोडली?"

"विहिरीजवळची. काऊन?"

त्यांनी विळी मिटून बाजूला ठेवली.

"लावणीच्या टायमाले तुमी केळझरले गेलते ना, तवा तिथंच मी ते बिगर-बीटीचं छोटं पाकीट टोबलं. प्रभाकरभाऊनंच सांगतलं होतं, वहिनी, यंदा तरी फेकू नका."