त्याला कसं कळलं?

सकाळी टॅबलेट उघडला आणि पुन्हा तेच. बातमीच्या मधोमध एक हसरे आजोबा, त्यांच्या कानामागे बोटाच्या पेराएवढं यंत्र, आणि खाली ओळ : 'आपल्या माणसांचं बोलणं निसटतंय का?'

त्याने घाईघाईने बातमी वर सरकवली. खाली दुसरी जाहिरात. आजोबा तेच.

आठवडाभर हे चाललं होतं. त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. तरी पाटीएवढ्या या वस्तूला कळलं कसं?

कारण खरोखरच निसटत होतं. तो निवृत्त ग्रंथपाल. सगळी नोकरी कुजबुजण्यात गेलेली. घरी बायको बोलायची आणि तो ऐकायचा. संसाराची वाटणीच तशी झाली होती. वाचलेल्या पुस्तकातलं काही तो हळूच सांगायचा, त्यावर ती असा शेरा मारायची की लेखकाच्या कानावर गेला असता तर त्याने पुढचं पुस्तक लिहिलं नसतं. त्या शेऱ्यांसाठीच तो वाचायचा, असं म्हटलं तरी चालेल.

अलीकडे मात्र तो काही सांगायचा आणि उत्तर यायचंच नाही. म्हणजे ती देत असणार. त्याच्यापर्यंत पोचत नसणार. पुन्हा विचारावं तर बिंग फुटणार. मग तो आपला 'बरं' म्हणून पुस्तकात डोकं घालायचा. टीव्हीचा आवाजही हल्ली ती आपण होऊन वाढवायची. शेजाऱ्यांनी एकदा भिंत ठोकली, तरी तिने कमी केला नाही. माझी लाज राखतेय बिचारी, असं त्याला वाटायचं.

रविवारी मुलीचा व्हिडिओ कॉल आला. आई बाल्कनीत आहे असं बघून त्याने विषय काढला.

"काय गं, माणसाला काय होतंय हे या टॅबलेटला कसं कळतं?"

"तुम्ही काहीतरी शोधलं असणार, बाबा."

"शपथ नाही."

"मग कशावर तरी बोट रेंगाळलं असेल. पूर्वीसारखं नाही राहिलं आता. पूर्वी सगळ्यांना एकच पान दिसायचं, आता ज्याचं त्याला. कोण काय बघतं, कुठे थांबतं, सगळं लक्षात ठेवतात."

"कुणाला काय आवडतं ते मीही लक्षात ठेवायचो. म्हणून कुणाच्या अंगात डोकावलो नाही."

"दाखवतंय तरी काय एवढं?"

"काही नाही," तो गडबडला. "दुर्बिणी."

"दुर्बिणी? बाबा, कुणावर नजर ठेवताय?"

फोन ठेवल्यावर त्याला वाटलं, कल्पना वाईट नाही. टॅबलेटचीच दिशाभूल करायची. त्याने खरंच दुर्बिणी शोधल्या. मग घोड्यांची खोगिरं शोधली, मग समुद्रात डुबकी मारायचे पोशाख. दुपारी टॅबलेट बायकोकडे जायचा, ती त्यावर विणकामाचे नमुने बघत बसायची. तिला पाण्यात उतरायचे चष्मे दिसले तेव्हा तिने फक्त भुवया उंचावून त्याच्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुर्बिणी आल्या. खोगिरं आली. मधोमध आजोबा होतेच.

त्या संध्याकाळी त्याने धीर एकवटला. ती खिडकीपाशी पाठमोरी उभी होती. तो म्हणाला, "तुझं बोलणं हल्ली ऐकायला मिळत नाही गं."

ती बाहेर बघत राहिली. थोड्या वेळाने पडदा सारून आत निघून गेली.

काय म्हणाली असेल? रागाने म्हणाली असेल की मायेने? असलं एखादं वाक्य माणूस पुन्हा म्हणत नाही. ते आपण घालवलं. रात्री त्याला जेवण गेलं नाही.

सकाळी आजोबांनी नवीन निरोप आणला होता : 'तुमच्या घराजवळच. शनिवारी तपासणी मोफत.' या खेपेला त्याने जाहिरातीवर बोट ठेवलं.

शनिवारी चपला न घालता बूट चढवत तो म्हणाला, "ग्रंथालयात जाऊन येतो जरा."

"किल्ली घेऊन जा!" बूट बघून ती आतून ओरडली. "मी मैत्रिणीकडे जाणारेय!"

हे मात्र त्याला लख्ख ऐकू आलं. किल्लीच्या बाबतीत ती नेहमीच ठणकावून बोलायची.

दवाखान्यात एका बंद खोलीत त्याच्या कानांवर हेडफोन बसवले. बारीकसा आवाज आला की बटण दाबायचं. पास होऊ की नाही, या धास्तीने त्याने डोळे गच्च मिटून घेतले. तपासणाऱ्या तरुणीने कागद पाहिला, मग त्याच्याकडे पाहिलं.

"आजोबा, या वयात असे कान मी पाहिलेच नाहीत. माझ्यापेक्षा बरे असतील."

"तुमचं यंत्र बिघडलेलं नाही ना?"

"नाही हो."

"पण मला बायकोची उत्तरं ऐकू येत नाहीत."

"लग्नाला किती वर्षं झाली?"

"बरीच."

"मग त्याच्यावर आमच्याकडे यंत्र नाही," ती हसत म्हणाली आणि दार उघडून दिलं.

बाहेरच्या खोलीत बरीच माणसं बसली होती. लाजेने कुणाकडे न बघता तो सरळ दारापर्यंत गेला. बुटाची लेस सुटली होती, ती बांधायला खाली वाकला. मागे काउंटरवरची मुलगी पुकारत होती.

"पुढच्या आजी, या आत."

कुणी उठल्याची चाहूल नाही.

"आजी, तुमचा नंबर आला!"

तरी नाही. त्याला बारीकसा श्वाससुद्धा ऐकू येत होता आणि इथे कुणाला एवढी हाक पोचत नव्हती. बिचारी. एकटीच आलेली दिसते, घरी कुणाला सांगितलंही नसेल. आणि घरचे तरी कसे! एवढं लक्षात येऊ नये?

खुर्ची सरकली. काउंटरवरची मुलगी उठून कुणाजवळ तरी गेली. आणि मग एक ठणठणीत आवाज खोलीभर घुमला.

"अगोबाई! मला बोलावत होतीस होय?"

लेस तशीच सोडून तो ताडकन उभा राहिला, वळला आणि आयुष्यात पहिल्यांदा, भरल्या खोलीसमोर, असेल नसेल तेवढा आवाज काढून ओरडला,

"हो गं, तुलाच!"