तोडीचा गंधार

“दादा, सूर सरळ करणारं ते यंत्र आजही चालू ठेवा,” मंचावर जाता जाता शार्दूलने ध्वनिसंयोजकाला हळूच सांगितले.

“अहो, आज तर तोडी ना?”

“म्हणूनच.”

पॉप गाण्यांच्या कार्यक्रमांत त्याचा घसरलेला सूर हे यंत्र श्रोत्यांपर्यंत पोहोचण्याआधीच सावरून घेत असे. आज शास्त्रीय गायनाची त्याची पहिलीच मैफल होती. पुढच्या रांगेत बसलेल्या त्याच्या गुरूंनी, खांबेटेबुवांनी, बजावले होते, “तोडीतला गंधार लागला तर पुढचं शिकवीन. नाहीतर तुझी ती नाचायची गाणी आहेतच, बाबा.”

तोडी रागातला हा गंधार स्वर पेटीच्या पट्टीपेक्षा किंचित खाली असतो. शार्दूलने तो लावला आणि गळ्यात तो नेमका बसल्याचे त्याला प्रथमच जाणवले. यंत्राला मात्र तो घसरलेला वाटला. त्याने तो उचलून पेटीच्या पट्टीवर नेला, आणि कर्ण्यांतून सभागृहभर भलताच गंधार पसरला. शार्दूल पुन्हा पुन्हा खरा स्वर लावत राहिला; यंत्र प्रत्येक वेळी तो दुरुस्त करत राहिले.

मैफल संपल्यावर बुवा मंचामागे आले. “रियाजात जवळ तरी जायचास. आज काय झालं रे?”

“बुवा, आज लागला होता...”

“मग मला कसा ऐकू आला नाही?”

उत्तर द्यायचे तर यंत्राचे नाव घ्यावे लागणार होते. बुवांनी घडवलेल्या गळ्यावर आपलाच विश्वास नव्हता, हे सांगावे लागणार होते. शार्दूलने वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

“नाही लागला, बुवा,” तो म्हणाला.