फोटोपुरता चेहरा

एक चांगला फोटो मिळाला, की महिला मंडळाचं अध्यक्षपद सेक्रेटरीबाईंच्या पदरात पडल्यात जमा होतं. धर्मादाय रुग्णालयात फळं वाटून होताच त्यांनी मोबाइल काढला. “एक फोटो घेऊ ना गं?” पलंगावरच्या शिलाईवालीने निमूटपणे डोक्यावरचा रुमाल सोडला. कॅन्सरच्या उपचारांनी केस गेले होते. “हसू की रडू, ताई? मागे तुमच्याच मंडळातून आलेल्या ताईंना रडकं तोंड हवं होतं.” “अगं, रुमाल कशाला काढलास?” “त्यांनीच काढायला लावला होता. तो फोटो गावभर फिरला. वर्गातली मुलं ‘टकलीची पोर’ म्हणून चिडवतात. लेक शाळेत जाईना.” “मग नाही म्हणायचंस की!” “औषधं तुमच्याच मंडळाची ना? नाही कुठल्या तोंडाने म्हणू?” “बांधू का?” विचारून बाईंनी रुमाल बांधला, मोबाइल पर्समध्ये टाकला. अध्यक्षपद रडक्या फोटोवाल्या ताईंना मिळालं. त्याची किंमत घरी बसलेली मुलगी मोजत राहिली.