आधी घरच्यांना

विट्याच्या एसटी स्टँडसमोर दस्तगीरच्या हॉटेलात टीव्हीवर इंग्लंडमधला फुटबॉल चालला होता आणि केरळात त्रिशूरला सोनं गाळायचं दुकान असलेला, सुट्टीला गावी आलेला त्याचा वर्गमित्र पृथ्वीराज चहा गार करत इंग्लंडची काळजी वाहत होता. “निम्म्याच्या वर गडी परदेशी. मग तिथल्या पोरांनी खेळायचं कवा? आधी घरच्यांना जागा द्या, मग पाव्हण्यांना.” “आन् तू रं? त्रिशूरचं सोनं त्रिशूरवाल्यांना गाळता येत न्हाई व्हय?” दस्तगीरनं कप पुसत विचारलं. “त्यो धंदा हाय गड्या, ह्यो खेळ हाय,” पृथ्वीराज म्हणाला, तोच फोन वाजला. त्रिशूरलाच जन्मलेली, तिथंच फुटबॉल शिकलेली त्याची मुलगी शिवांजली बोलत होती. “पप्पा, मला क्लबच्या टीममधनं काढलं. कोच म्हणाले, आधी इथल्या मुली.” पृथ्वीराज ताडकन उठला. “मग तू कुठली हायस म्हणं? थांब, मी बोलतो त्याच्याशी.” “नको. माझ्या जागी अश्वतीला घेतलंय. चांगली खेळती ती. डाव्या पायानं मारायला मीच शिकवलंय तिला,” म्हणता म्हणता तिचा आवाज बारीक झाला आणि फोन बंद झाला. तेवढ्यात टीव्हीवर एका परदेशी गड्यानं पास दिला आणि कोवळ्या इंग्लिश पोरानं गोल मारला. “घे, घरच्या पोरानं मारला! वाजीव टाळी,” दस्तगीर ओरडला. फोन हातात धरून पृथ्वीराज अजून उभाच होता. “आधी पास देणाऱ्याला,” तो म्हणाला.